सड्यावरची वाडी : आंबडवे आणि मंडणगडचा मुलूख

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मंडणगड तालुका आहे. त्याचा इतिहास विचारा. मंडणगडचा किल्ला सांगतील, बाणकोटचा किल्ला सांगतील, १८१८ साली कर्नल केनेडीनं मंडणगड घेतला ते सांगतील. खोतांच्या सनदा सांगतील, देवळांच्या जत्रा सांगतील. आणि वाडी? गावाच्या कडेला, सड्यावर नाहीतर उतारावर जी वाडी बसली आहे, जिला कागदोपत्री महारवाडी म्हणत आले आणि १९५६ नंतर जिनं स्वतःला बौद्धवाडी म्हटलं, तिचा इतिहास? तो कुणी लिहिला नाही. गावच्या नकाशात तिची हद्द तेवढी दाखवली.

या तालुक्यातलं आंबडवे हे एक लहान डोंगराळ गाव. जुन्या पुस्तकांत कुणी आंबावडे लिहितो, कुणी आंबडवे. बाबासाहेबांच्या घराण्याचं, सकपाळांचं, हे मूळ गाव. बाबासाहेब जन्मले महूला, १४ एप्रिल १८९१ रोजी. शिकले दापोलीला, साताऱ्याला, मुंबईला, न्यूयॉर्कला, लंडनला. म्हणून आपण आंबडव्याचं नाव एका ओळीत घेतो आणि पुढं जातो. माझं म्हणणं असं की त्या ओळीवर थांबायला पाहिजे. एक घराणं या डोंगरातून बाहेर का पडलं, कुठल्या वाटेनं पडलं, आणि मागे राहिलेल्यांच्या हातात काय राहिलं, हे विचारलं की आंबडवे एका घराण्यापुरतं राहत नाही. मंडणगड, दापोली, खेड, महाड या सगळ्या पट्ट्यातल्या वाड्यांचा तो इतिहास होतो.

आधी जमीन बघू. कारण कोकणात जात जमिनीच्या उतारावर बसलेली आहे.

तालुक्याच्या उत्तरेला सावित्री नदी. ती महाबळेश्वरला उगम पावते, महाडवरून येते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. पलीकडे रायगड जिल्हा. १९८१ पर्यंत त्याला कुलाबा म्हणत. दक्षिणेकडे भारजा नदी, ती केळशीजवळ समुद्राला मिळते. या दोन पाण्यांच्या मधे नुसते डोंगर. खाली काळा पाषाण, वर जांभ्याचं टोपण. जांभ्याचा हा सपाट, उघडा माथा म्हणजे सडा. पाऊस शंभर इंचांच्या किती तरी वर. चार महिने आभाळ फाटल्यासारखं पाणी पडतं. बाहेरच्या माणसाला वाटेल, इथं पाण्याला काय तोटा! पण जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड. तो पाणी धरून ठेवत नाही. पाणी आत मुरतं, खालच्या काळ्या दगडाला अडतं, आणि दोन दगडांची जिथं गाठ पडते तिथं उताराच्या मध्यावर झरा होऊन फुटतं. तिथून पऱ्यातनं खाली जातं, खाडीला मिळतं. फाल्गुन-चैत उजाडला की बरेचसे झरे आटतात. जो आटत नाही त्याच्याभोवती गावाचं सगळं राजकारण.

आता गावाची मांडणी बघा. कोकणातलं गाव देशावरच्या गावासारखं एका जागी गोळा झालेलं नसतं. वाड्या-वाड्यांनी पसरलेलं असतं. म्हणून इथं गावकूस नाही. दगडामातीची भिंत नाही म्हणून कुणी म्हणेल, कोकणात भेद कमी. भिंतीचं काम इथं डोंगर करतो. बारमाही झरा, विहीर, आंब्या-फणसाची सावली, पाण्याखालचं आगर हे एका बाजूला. आमची वाडी एक तर वर कातळावर, जिथं झराच फुटत नाही. नाहीतर खाली पाण्याच्या शेवटी, जिथं वरच्या साऱ्या वाड्यांनी वापरून झालेलं पाणी येतं. मधे पाखाडीच्या पायऱ्या. त्या पायऱ्यांवरून कुणी कधी जायचं, समोरून कोण आला तर कुणी बाजूला व्हायचं, हे सारं ठरलेलं. गावकूस नव्हतं पण त्याचा कायदा होताच.

जमिनीचेही दोन भाग. घळीत, पऱ्याच्या काठाला बांध घालून केलेली भाताची खाचरं ही पहिल्या प्रतीची जमीन. उतारावरची, सड्याकडेची जमीन म्हणजे वरकस. तिच्यात नाचणी, वरी, हरीक. तेही दरसाल नाही. दोन-तीन वर्षं पीक काढायचं नि मग जमीन पाच-सात वर्षं पडीक ठेवायची. पेरण्याआधी टाळ तोडायचा, पाला-शेण पसरायचं, माती टाकायची नि भाजावळ करायची. राब म्हणतात तो हा. भात खोताच्या घरी जायचं आणि कसणाऱ्याच्या पोरांना नाचणीची भाकर नि आंबील. वाडीच्या वाट्याला मुख्यतः वरकस आली. म्हणजे वाडीला निसर्गानं गरीब केलं असं नव्हे. त्याच डोंगरात चांगली जमीनही होती, चांगलं पाणीही होतं. ते कुणाला द्यायचं हे निसर्गानं ठरवलं नव्हतं.

ठरवणारा होता खोत. खोत म्हणजे मुळात सरकार आणि रयत यांच्यामधला सारावसुलीचा मक्तेदार. ही पद्धत आदिलशाहीच्या काळापासून कोकणात रुजली, पेशवाईत घट्ट झाली, नि इंग्रजांनी १८८० सालच्या खोती कायद्यानं तिला पक्कं केलं. खोत सरकारात ठरलेला धारा भरायचा आणि कुळाकडून पिकाचा वाटा घ्यायचा. भाताच्या जमिनीत अर्धा वाटा घेण्याची चाल होती, वरकसात साधारण तिसरा. त्याच्यावर वेठ. आठ दिवसांतला एक दिवस खोताच्या शेतावर फुकट राबायचं. त्याचा नांगर ओढायचा, त्याचं घर शाकारायचं, त्याच्या बाईमाणसांची डोली वाहायची. ही वेठ कुणब्यालाही होती. वाडीला ती होतीच, शिवाय जातीची कामं वेगळी. सरकारी टपाल पोचवायचं, हद्द दाखवायची, दवंडी द्यायची, मेलेलं जनावर ओढायचं.

इथं एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. देशावर महाराला वतन होतं. हाडकी-हाडोळाची जमीन होती, बलुत्याचा वाटा होता. त्या तुकड्यानं त्याला गावाला जखडून टाकलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं ते या जखडण्याविरुद्ध. कोकणात हे वतन फार तोकडं. खोतीच्या गावात बलुत्याची घडी देशासारखी बसलीच नव्हती. म्हणजे वाडीला गावाकडून मिळत काहीच नव्हतं, राबवून मात्र घेतलं जात होतं. याचा परिणाम दुहेरी झाला. वाडी देशावरच्या महारवाड्याहून कंगाल राहिली. आणि ज्याच्या पायात वतनाची बेडी नाही तो पळू शकतो, म्हणून वाडीतला माणूस पळाला. सड्यानं त्याला पोसलं नाही, गावानं त्याला धरलं नाही. त्यानं वाट धरली.

पहिली वाट फौजेची. बाणकोटचा किल्ला १७५६ साली इंग्रजांकडे आला. मराठी मुलखाच्या या किनाऱ्यावर त्यांचा पाय पहिल्यांदा पक्का रोवला गेला तो इथं, मंडणगडच्या दाराशी. मुंबई इलाख्याच्या फौजेत रत्नागिरी जिल्ह्यातून माणसं भरती होत गेली आणि त्यांत महार मोठ्या संख्येनं होते. गावात ज्याची सावली नको त्याच्या हातात बंदूक आली. इंग्रजाला आमचा कळवळा होता म्हणून नव्हे. त्याला शिपाई पाहिजे होता, आम्हाला भाकरी पाहिजे होती. पण फौजेत भाकरीबरोबर आणखी एक गोष्ट मिळाली. कंपनीच्या फौजेत शिपायाला आणि त्याच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिक्षणाची सक्ती होती. गावच्या शाळेच्या पायरीवर ज्याला उभं करत नव्हते तो छावणीच्या शाळेत अक्षरं गिरवू लागला.

आंबडव्याचे मालोजी सकपाळ या वाटेनं गेले. त्यांचे पुत्र रामजी सुभेदार झाले, फौजेच्या शाळेत शिक्षक झाले, मुख्याध्यापक झाले. ही एका हुशार माणसाची गोष्ट म्हणून सांगतात. ती आहेच. पण त्याच काळात आसपासच्या किती वाड्यांतून असे शिपाई, हवालदार, सुभेदार निघाले ते बघा. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतलेच. पेन्शन घेऊन दापोलीला राहिले आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक काढलं. अस्पृश्यता शास्त्राला धरून आहे म्हणणाऱ्यांना जाहीर प्रश्न विचारणारं पुस्तक! दापोली तेव्हा पेन्शनरांचं ठाणं होतं. डोंगरातल्या वाड्यांतून निघालेले, हिंदुस्थानभर छावण्या बघून आलेले, वाचता-लिहिता येणारे हे लोक तिथं घरं करून राहिले. रामजी सुभेदारही पेन्शनीत आल्यावर आधी दापोलीलाच आले. दलित चळवळीचा पहिला मजकूर या पेन्शनरांच्या वस्तीत लिहिला गेला, हे आपल्या पोरांना माहीत पाहिजे.

मग ती वाट बंद केली. १८९२-९३ च्या सुमारास सरकारनं महारांची भरती थांबवली. ‘लढवय्या जाती’ची नवी थिअरी निघाली आणि पिढ्यान्‌पिढ्या लढलेला माणूस एका हुकुमानं लढवय्या राहिला नाही. वलंगकरांनी अर्ज लिहिले, पेन्शनरांनी सह्या केल्या. उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली, गरज संपली तशी १९२१ साली मोडली. पुन्हा युद्ध आलं तेव्हा १९४१ साली महार रेजिमेंट. वाडीच्या माणसाला लागेल तसं बोलवायचं नि लागेल तसं हाकलायचं, हा खोताचा रिवाज सरकारनंही चालवला.

आडनावाची गोष्टही इथंच सांगतो. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी नाव पडलं, भिवा रामजी आंबेडकर. या तारखेला २०१७ पासून महाराष्ट्र सरकार विद्यार्थी दिवस पाळतं. एका ब्राह्मण शिक्षकानं आपलं आडनाव लाडक्या विद्यार्थ्याला दिलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. बाबासाहेबांनीही त्या गुरुजींची आठवण प्रेमानं ठेवली. पण त्याच्या आधी आडनाव होतं आंबडवेकर, म्हणजे आंबडव्याचा, आणि त्याच्याही आधी सकपाळ, हे सांगायची वेळ आली की लोक घाईनं पुढं जातात. कोकणात गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव करायची चाल सगळ्या जातींत आहे. पण वाडीतल्या माणसानं गावाचं नाव लावणं याला वेगळा अर्थ आहे. ज्या गावात त्याला पाण्याचा, देवळाचा, शाळेचा हक्क नाही त्या गावाचं नाव तो छातीवर घेऊन फिरतो. धनंजय कीरांनी चरित्रात लिहिलंय की गावदेवीची पालखी या घराण्याकडे असायची, तो त्यांचा मान होता. पालखीचा मान आणि विहिरीला विटाळ, दोन्ही एकाच गावात, एकाच घराला! याला समाजव्यवस्था म्हणायचं.

दुसरी वाट समुद्राची आणि गिरणीची. डोंगर उतरला की बंदर. बाणकोट, हर्णै, दाभोळ. रमाई दापोलीजवळच्या वणंदच्या. त्यांचे वडील दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहायचे. वाडी आणि बंदर यांचं नातं हे असं, पाठीवरच्या ओझ्याचं. त्या बंदरावरून बोटी मुंबईला जायच्या. मुंबईत १८५० नंतर कापडगिरण्या निघाल्या, गोदी वाढली, रेल्वे वाढली, आणि रत्नागिरी जिल्हा हा मुंबईला माणसं पुरवणारा जिल्हा झाला. कुणबी गेला, मराठा गेला, महार गेला. कोकणातल्या गावचं घर मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालू लागलं. खोताचा वाटासुद्धा त्यातून भागू लागला. म्हणजे पोरगा परळला राबणार नि त्या पैशातून सड्यावरच्या नाचणीचा वाटा खोताला जाणार!

मुंबईला गेलं म्हणजे जात सुटली असं नाही. गिरणीत विणकाम खात्याचा पगार चांगला. तिथं अस्पृश्याला मज्जाव. कारण काय? धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि आमच्या थुंकीचा विटाळ होतो. म्हणून कमी पगाराच्या खात्यात काम करायचं. कामगारांच्या एकजुटीच्या सभांतून हा प्रश्न कुणी काढत नव्हतं. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी तो उघड मांडला. डोंगरातला पाणवठा आणि गिरणीतला धोटा, विटाळाचा कायदा एकच.

तरी मुंबईनं एक गोष्ट दिली, जमाव दिला. सड्यावर वीस घरांची वाडी, पुढच्या गावी पंधरा घरांची. एकटी वाडी खोतापुढं काय बोलणार? तीच माणसं मुंबईच्या चाळीत एका मजल्यावर आली. गावागावाची मंडळं झाली, वर्गण्या झाल्या, पत्रं वाचली जाऊ लागली. फौजेनं अक्षर दिलं होतं, गिरणीनं संघटना दिली. आणि मग जे बाहेर पडले होते ते परत आले, हात जोडून नव्हे, मागणी घेऊन.

सावित्रीच्या पलीकडे महाड. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. महाडच का, असं लोक विचारतात. नगरपालिकेनं तळं खुलं करण्याचा ठराव केला होता हे एक कारण. पण दुसरं कारण हा मुलूख आहे. पेन्शनर शिपायांच्या, मुंबईला जाऊन आलेल्या, वाचता येणाऱ्या माणसांच्या वाड्या महाडच्या चारी बाजूंना होत्या. पाणी म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. वर कातळ नि खाली उष्टं पाणी यांच्यामधे त्यांचा जन्म गेला होता. तळ्याचा खटला मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूनं लागला तो १९३७ च्या मार्चमध्ये. एका ओंजळीला दहा वर्षं.

आणि त्याच वर्षी जमिनीचा प्रश्न निघाला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला मुंबईत कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला, सुमारे वीस हजारांचा. कोकणातले कुणबी, महार, आगरी एका मोर्चात चालले. बाबासाहेब फक्त अस्पृश्यांचे पुढारी, असं म्हणणाऱ्यांनी हा मोर्चा वाचावा. खोतीत सर्वांत जास्त संख्येनं भरडला जात होता तो कुणबी. त्याच्यासाठी विधेयक आणलं ते ज्याच्या घराण्याला या डोंगरात कुणब्याच्या पाणवठ्यावरसुद्धा चढता येत नव्हतं त्या माणसानं. काँग्रेसच्या मंत्रिमंडळानं ते विधेयक पुढं जाऊ दिलं नाही.

खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्यानं. अंमल १९५० पासून. मग कुळकायदा आला. १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवशी कसणारा मालक झाला, असं सरकार म्हणतं. कागदावर खरं आहे. पण वाडीत काय झालं ते बघा. कुळ ठरायला तलाठ्याच्या दप्तरात नाव लागतं, पीकपाहणीत नाव लागतं. ज्याचा वाटा तोंडी ठरला, ज्याला पावती कधी मिळाली नाही, त्यानं काय दाखवायचं? आणि कसणारा म्हणजे कोण? घरचा कर्ता मुंबईला गिरणीत, शेतावर त्याची म्हातारी आई नि बायको. राबली ती, पण कागदावर राबणारा गैरहजर. ज्या दारिद्र्यानं त्याला मुंबईला हाकललं त्याच दारिद्र्यामुळं त्याची जमीन हुकली. कितीजणांचं असं झालं याची मोजदाद कुणी केली नाही. ज्यांची नावं लागली त्यांच्या सात-बारावर आज एका गुंठ्याला वीस-वीस वारस. अर्धे मुंबईत, काही कुठं आहेत त्याचा पत्ता नाही. त्या जमिनीवर कर्ज निघत नाही, विहीर निघत नाही, वाटणी होत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झालं आणि कोकणातल्या वाड्यांनी देव विसर्जित केले. मेलेलं जनावर ओढणं थांबलं. शिमग्यात ढोल वाजवायला जाणं थांबलं. याची किंमत वाडीनं मोजली. कुठं वाट अडवली, कुठं मजुरी बंद केली, कुठं पाणी तोडलं. शहरात राहून धम्म स्वीकारणं वेगळं आणि वीस घरांनी शंभर घरांच्या गावात ‘आम्ही हे काम करणार नाही’ असं म्हणणं वेगळं. महारवाडीची बौद्धवाडी झाली ती सरकारच्या हुकुमानं नाही, त्या वीस घरांच्या हिमतीनं झाली. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. चांगलं झालं. पण वाडीनं आपलं नाव त्याच्या किती तरी आधी स्वतः बदललं होतं.

पुढं १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप झाला. अडीच लाख कामगार बाहेर. संप कधी मिटलाच नाही, गिरण्या मात्र मिटल्या. दुसरी वाटही बंद. कुणी परत सड्यावर आला, कुणी उपनगरात झोपडी केली. आज त्या वाड्यांतून फिरा. कुलूप लावलेली घरं, ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं, गणपती-शिमग्याला गावाला आणि १४ एप्रिलला वाडीला येणारे चाकरमानी. समाजमंदिर पक्कं, आजूबाजूची निम्मी घरं बंद.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. मंडणगड-दापोली तालुक्यांत घरांची छपरं गेली, आंबा, काजू, सुपारी मुळासकट पडली. झाडांची भरपाई सात-बारा बघून मिळते. ज्याच्या नावावर झाड नाही पण ज्याची मजुरी त्या झाडावर होती, त्याचं काय पडलं याला सरकारी अर्जात रकाना नाही. खोती जाऊन सत्तर वर्षं झाली तरी वादळसुद्धा जमिनीचा कागद बघून वाटणी करतं.

१२ फेब्रुवारी २०२२ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद आंबडव्याला आले. स्मारक आहे, रस्ता आहे. आम्हाला स्मारकाचा आनंद आहे. ज्या डोंगराचं नाव कुणी घेत नव्हतं तिथं देशाचा राष्ट्रपती हात जोडून उभा राहिला, ही लहान गोष्ट नाही. पण बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याबद्दल काय सांगितलं ते त्या स्मारकासमोर उभं राहून आठवलं पाहिजे. खेड्याच्या आरत्या गाणाऱ्यांना त्यांनी स्पष्ट बजावलं की तुमचं खेडं म्हणजे अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयता यांचं डबकं आहे. लोक म्हणतात, हे शहरात राहणाऱ्या बॅरिस्टराचं मत. चूक! हे आंबडव्याचं मत आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या उतारानं वाडीला एक तर कोरडं नाहीतर उष्टं ठेवलं त्या उताराचा तो अनुभव आहे.

मित्रांनो, गाव सोडणाऱ्यांचा इतिहास आपण लिहिला. तो लिहायलाच पाहिजे होता. आता मागे राहिलेल्यांचा लिहूया. त्यासाठी पदवी लागत नाही. ज्याला त्याला आपली वाडी आहे. सुट्टीत गेलात की एक वही घेऊन जा. पहिल्या पानावर वाडीचा नकाशा काढा. झरा कुठं, विहीर कुठं, आपलं घर कुठं, आणि चैतात पाण्याला किती चालावं लागतं ते लिहा. दुसऱ्या पानावर जमीन. कोण कसत होता, वाटा किती जात होता, नाव कधी लागलं, लागलं नाही तर का नाही. तलाठ्याकडून जुन्या फेरफाराच्या नकला काढा. पत्र्याच्या पेटीत आजोबाचं पेन्शनबुक असेल, पलटणीचा बिल्ला असेल, गिरणीचा पास असेल, मनिऑर्डरीच्या पावत्या असतील. ते वाळवी खाण्याआधी उतरवून घ्या. धर्मांतरानंतर पहिल्या वर्षी वाडीत काय झालं ते म्हाताऱ्या आयांना विचारा. त्यांना विचारायला कधी कुणी गेलेलं नाही. आणि त्या वहीवरून जिथं हक्क निघतो तिथं तो मागा. पाण्याची योजना वरच्या टाकीत संपते की वाडीपर्यंत येते, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. सात-बाराची वारसनोंद करून घ्या, बाईचं नाव वगळू नका.

किल्ल्याचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. पाखाडीच्या खालच्या आणि कातळाच्या वरच्या घरांचा इतिहास दुसरं कुणी लिहिणार नाही.